जेवणाच्या टेबलावरचं इंजिन

६ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. रिकामपणात माणसाची शिस्त सुटते, म्हणून. माझी सुटलेली नाही, पण खबरदारी घेतलेली बरी.

घरची स्थिती उत्तम. ही मुलाकडे गेली आहे. सूनबाईचं बाळंतपण, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, असं ठरलं होतं. नात आता भिंतीला धरून चालते, त्याअर्थी दोन महिने होऊन गेले असावेत. माझी तक्रार नाही. एकट्यानं राहण्यात मजा असते. पेपर आपल्याआधी कोणी उलगडत नाही.

संकल्प: सहाला उठणे. चहा फक्त दोन वेळा. मुलाला आपण होऊन फोन करायचा नाही. त्याला सवड झाली की तो करेलच.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

फोन नाही. कामात असेल. चहा चार वेळा झाला, पण त्यातला एक सांडला, तो धरत नाही.

८ फेब्रुवारी

मागच्या शेडमधली जळमटं काढायला गेलो आणि ताडपत्रीखाली चिरंजीवांची पिट बाइक सापडली. गुडघ्याएवढी मोटरसायकल, पोरांनी मैदानात मातीत उडवायची. सहावीत असताना घेऊन दिली होती. दहावीपर्यंत त्यानं ती इतकी पिदडली की तिसरा गिअर टिकेना. टाकला की धाडकन सुटायचा आणि इंजिन नुसतं बोंबलायचं. मी म्हटलं होतं, रविवारी उघडून बघतो. मग ऑफिसचा व्याप वाढला आणि ते भिजत घोंगडं तसंच राहिलं. चिरंजीव आता बत्तीस वर्षांचे आहेत.

किक मारून बघितली. पायाला लागलं. गाडीत जीव आहे.

९ फेब्रुवारी, सकाळ

रात्रभर विचार करून योजना पक्की केली. इंजिन उतरवायचं, उघडायचं, गिअरचा अख्खा सेट नवा घालायचा. गाडी चालू झाली की मुलाला कळवायचं. त्याला राहवणार नाही. सुट्टीच्या दिवशी येईल. एकदा आला की दुसऱ्यांदा येईल. सूनबाईला अंगण दिसेल, नातीला माती दिसेल. तिकडे सहाव्या मजल्यावर काडेपेटीएवढ्या घरात राहतात. इथे चार खोल्या आहेत आणि मी एका खोलीत झोपतो. हिलाही मग तिकडे राहायला कारण उरणार नाही. म्हणजे हिशेब सरळ आहे: तिसरा गिअर पडला की माणसं घरी.

शिवाय नातीला पुढे गाडी लागेलच. ती सव्वा वर्षाची आहे हे मान्य, पण मुली भराभर वाढतात.

अनुभवाचं म्हणाल तर पर्चेस डिपार्टमेंटमध्ये अख्खी नोकरी गेली. मी खरेदी केला नाही असा नट जगात नाही. फिरवायचाच काय तो राहिला.

११ फेब्रुवारी

इंजिन उतरवलं. फ्रेमला दोनच बोल्ट, पण त्यातला एक माझ्याहून हट्टी. शेवटी निघाला तेव्हा इंजिन सरळ माझ्या मांडीवर बसलं.

तेवढ्यात कुंपणापाशी मीटर उभा. म्हणजे शेजारचे गृहस्थ. त्यांना गल्लीत सगळे मीटर म्हणतात, कारण येता-जाता प्रत्येकाच्या दारातला विजेचा मीटर वाचतात आणि कोण गावाला गेलंय, कोणाकडे पाहुणे आलेत ते बसल्या जागी सांगतात. मला म्हणाले, तुमचं रीडिंग हल्ली फारच कमी येतं. मी म्हटलं, काटकसर. मग विचारलं, मी धरू का एका बाजूनं? मी म्हटलं, नको, हे एकट्याचं काम आहे. लोकांना दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची भारी हौस.

शेडमध्ये उजेड नाही. इंजिन जेवणाच्या टेबलावर घेतलं. खाली जुनी चादर घातली आहे. टेबल सहा माणसांचं आहे आणि मी एका कोपऱ्यात जेवतो, तेव्हा कोणाची अडचण होत नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळ

हिचा फोन. जेवलात का, औषध घेतलं का, गॅस बंद केला का. मग कसलासा आवाज झाला म्हणाली. मी हातोडी खाली ठेवली. टेबलाविषयी काही बोललो नाही. ही येईपर्यंत ते चकाचक होणार आहे, मग कशाला जिवाला घोर?

नातीला फोनवर आणलं. ती म्हणाली, बा. ही म्हणते ती बाटलीला बा म्हणते. मला तसं वाटलं नाही.

१५ फेब्रुवारी

व्हिडिओ बघून काम करतोय. व्हिडिओतला माणूस काळे हातमोजे घालतो आणि मागे ढोल बडवतात तसं संगीत लावतो. हेड, सिलिंडर, पिस्टन, क्लच, सगळं तो चहा गार व्हायच्या आत काढतो. मला चार दिवस लागले. पण मी काळजीपूर्वक काढलं.

क्लच ऑटोमॅटिक आहे, हाताला लिव्हर नाही. मुलांची गाडी. पायानं गिअर दाबायचा, बस.

सुटे भाग हिच्या स्टीलच्या डब्यांत ठेवले. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. "साखर" लिहिलेल्या डब्यात आता पिस्टन आहे. आज सवयीनं चहाला तोच डबा उघडला.

१७ फेब्रुवारी, दुपार

केस फुटली. म्हणजे फोडली. म्हणजे इंजिनाचे दोन अर्धे भाग रीतसर वेगळे केले, थोडा हातोडा लागला. आत दोन शाफ्ट, त्यांच्यावर गिअर, शेजारी गिअर सरकवणारा ड्रम आणि त्याचे दोन फोर्क. तिसऱ्या गिअरचे दात बघून वाईट वाटलं. कडा झिजून गोल झाल्या होत्या, म्हणून धरत नव्हता. म्हणजे पोराचं खरं होतं. मी तेव्हा म्हणायचो की तू गिअर नीट टाकत नाहीस.

असो. नवा सेट मागवला. पार्टवाल्याला फोनवर इंजिनाचा नंबर, मेक, मापं, सगळं पर्चेसच्या पद्धतीनं सांगितलं. तो म्हणाला, साहेब, फोटो पाठवा. हल्ली कोणाला शिस्त नाही.

२१ फेब्रुवारी

सेट आला. चकचकीत. बराच वेळ नुसता हातात घेऊन बसलो. कोणाला तरी दाखवावासा वाटला. मुलाला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

अंगठा म्हणजे उत्साहच म्हणायचा. तो मुळात कमी बोलतो.

२२ फेब्रुवारी

जुने गिअर उतरवताना एक सर्किप उडाली. शाफ्टवर गिअर अडवून ठेवणारी ही रिंग, नखाएवढी, पण तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. सबंध दिवस घर पालथं घातलं. फ्रिजखाली हिचं कानातलं सापडलं, मुलाच्या शाळेचा बॅज सापडला, सर्किप नाही. बॅज पुसून कपाटात ठेवला.

२३ फेब्रुवारी

सर्किप माझ्या शर्टाच्या खिशात होती. पडली ती सरळ खिशात. याला नेम म्हणतात.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

हिचा फोन. आवाज जरा निराळा वाटला. म्हणाली, "अहो, तुम्हीच या ना इकडे. किती दिवस असं?"

मी म्हटलं, घर कोण बघणार?

खरं सांगायचं तर तिकडे जायला माझी ना नाही, पण मागच्या वेळचा अनुभव. त्यांचं वॉशिंग मशीन आवाज करत होतं. मी आपुलकीनं मागची झाकणी उघडली. त्यानंतर पाणी पाचव्या मजल्यापर्यंत गेलं, त्यात माझा दोष असलाच तर एका क्लिपपुरता. कोणी एका शब्दानं बोललं नाही. सूनबाई तर म्हणाली, बाबा, तुम्ही बसा, चहा घ्या. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात स्क्रू ड्रायव्हर दिसेना. मला बसवून ठेवतात. सोफ्यावर. कोणाला माझा काही उपयोग नसतो. इथे निदान नळ गळतो.

ही मग म्हणाली, बरं. तिला घराची ओढ लागली आहे, हे उघड आहे.

१ मार्च

जोडणी पूर्ण! गिअर, शाफ्ट, ड्रम, फोर्क, सगळं जिथल्या तिथे. केस बंद केली. हेड चढवण्याआधी गिअर पडतात का ते बघायचं, असं व्हिडिओत आहे. व्हिडिओतला माणूस हातानं गिअरची लिव्हर दाबतो आणि टक, टक, टक, टक. मध्येच चित्रात कोणाचा तरी दुसराच हात येतो आणि कसलासा दांडा फिरवत बसतो. त्याचं तिथे काय काम ते कळलं नाही. बहुधा मेहुणा असावा. तेवढा भाग पुढे ढकलला.

जेवून मग टेस्ट घेतो.

१ मार्च, दुपार

इंजिन डाव्या हातानं कडेवर घेतलं, उजव्या हातानं लिव्हर दाबली. पहिला: टक. जीव भांड्यात पडला. दुसरा: काही नाही. लिव्हर दगडासारखी. जोर लावला. बोट चेपलं.

फार निराश झालेलो नाही. पहिल्या फटक्यात होतं त्याला काम म्हणत नाहीत.

२ मार्च

मीटरनं कुंपणावरून विचारलं, काय झालं हो? काही झालं नाही म्हटलं. म्हणाला, मी येतो, दोघं मिळून बघू. त्याला म्हटलं, तुम्हाला यातलं काय कळतं? म्हणाला, कळत नाही, पण धरायला तर येतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या. दार लावून घेतलं.

५ मार्च

केस परत उघडली. दोन अर्ध्यांमधलं गॅस्केट, म्हणजे ऑइल गळू नये म्हणून घालतात तो कागद, फाटलं, म्हणजे नवं लागणार. प्रत्येक भाग व्हिडिओशी ताडून बघितला. सगळं जिथल्या तिथे आहे. एकही चूक नाही. हेच संशयास्पद आहे.

८ मार्च

दुसऱ्यांदा जोडलं. कडेवर घेतलं. पहिला टक. दुसरा टक. तिसरा, काही नाही.

प्रगती आहे. पण तिसराच हवा होता.

९ मार्च

दोष पार्टांत असणार. पार्टवाल्याला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, साहेब, सेट बरोबर आहे, परत एकदा जोडून बघा, गॅस्केट किती पाठवू? त्याच्या बोलण्यात खोच होती. मी जादा मागवून ठेवली.

आज दिवसभरात पार्टवाला सोडून कोणाशी बोललो नाही. संध्याकाळी आवाज बसलाय असं वाटलं, म्हणून मोठ्यानं पेपर वाचला. बरं वाटलं.

११ मार्च, सकाळ

शुभवार्ता! ही म्हणाली की चिरंजीव बावीस तारखेला इकडे येतोय. इकडेच कुठेतरी ऑफिसची मीटिंग आहे. मी शांतपणे बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर अंगणात एक फेरी मारली.

आता तो येतोय म्हणजे सगळेच येणार. हिला एकटीला मागे ठेवून तो कशाला येईल? आणि ही निघाली की नातीला कोण बघणार, म्हणजे सूनबाई आणि नात आल्याच. ही मुद्दाम बोलली नाही. ताकास तूर लागू देत नाही, पहिल्यापासून.

संकल्प: बावीसच्या आत गिअर. चहा एकच वेळ.

१४ मार्च

इंजिनाला जरा सुट्टी. घराकडे बघितलं. मुलाच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या. माळ्यावरून त्याची लहानपणची उंच खुर्ची काढली, तीच, पुढे ताट ठेवायची फळी असलेली. एक पाय हलतो. खिळा मारला. आता दोन पाय हलतात, पण मूल काही चोवीस तास बसणार नाही.

मीटर म्हणाला, कोण कोण येतंय? सगळे, म्हटलं. त्याला आनंद झाला. म्हणाला, मग तुमचं रीडिंग वाढणार. भला माणूस आहे तसा.

१८ मार्च

तिसऱ्यांदा उघडलं आणि तिसऱ्यांदा जोडलं. काहीही बदललं नाही, कारण बदलण्यासारखं काही सापडलं नाही. या वेळी टेस्टच घ्यायची नाही असं ठरवलं. सारखं टेस्ट केल्यानंही बिघडतं. क्लच, पिस्टन, सिलिंडर, हेड, सगळं चढवून इंजिन पूर्ण केलं. दिसायला अप्रतिम.

१९ मार्च

राहवलं नाही. कडेवर घेऊन लिव्हर दाबली. पहिला पडला. दुसरा नाही.

आता पहिल्यांदा सांगतो, मला रडू आलं. इंजिन तसंच धरून खुर्चीवर बसलो. जड असतं हो. टेबलावर ठेवायचं सुचलं नाही. फोन करावासा वाटला, पण कोणाला आणि काय सांगणार, की दुसरा पडत नाही?

२१ मार्च, संध्याकाळ

तयारी पूर्ण. टेबल सोडून. इंजिन हलवलं तर कुठे ठेवणार? सगळ्यांना अंगणात चटईवर जेवू घालू. मुलांना त्यात गंमतच वाटते.

हिनं फोनवर सांगितलं, तो दुपारी येईल, संध्याकाळच्या गाडीनं परत जाईल. मी म्हटलं, बघू. एकदा सगळे घरात शिरले की कोण परत जातंय?

२२ मार्च, रात्रीच्या जेवणाआधी

तो आला. एकटाच.

फाटकातून त्याच्या मागे बघत राहिलो. तो म्हणाला, काय बघताय? काही नाही, म्हटलं. उंच खुर्ची त्यानं बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.  

जेवायला अंडी आणि पाव. टेबलाच्या कोपऱ्यात दोघं बसलो, इंजिन मध्ये. तो हसला. म्हणाला, आईला माहीत आहे हे? मी म्हटलं, वेळ आली की सांगू. बोलण्यासारखं खूप होतं, ते सगळं डोक्यातून गेलं. मी सर्किपबद्दल बोलत बसलो. तो ऐकत होता. मग म्हणाला, गिअर टाकून दाखवा.

मी इंजिन कडेवर घ्यायला लागलो तर म्हणाला, खालीच असू द्या, मी धरतो. त्यानं एका हातानं धरलं. मी लिव्हर दाबली. पहिला. दुसरा पडेना. मी म्हटलं, बघ, हे असं. तो पावाचा तुकडा तोंडात ठेवून, दुसऱ्या हातानं चेन जिथे बसते तो शाफ्ट उगीच फिरवत होता. मी चिडून परत दाबली.

टक. दुसरा. टक. तिसरा. टक. चौथा.

दोघंही थांबलो. परत खाली आणले, परत वर नेले. लोण्यासारखे.

तो म्हणाला, "बाबा, शाफ्ट फिरत असल्याशिवाय गिअर एकमेकांत बसत नाहीत. एकानं फिरवायचं, एकानं दाबायचं. दोन माणसं लागतात याला."

म्हणजे एक मार्चलाच बरोबर होतं. पहिल्याच वेळी. मी दोनदा उघडलं ते बिनचूक इंजिन.

पण आनंद असा झाला की विचारू नका. त्यानं ऑफिसचा शर्ट काढला, माझा जुना घातला. दोघांनी मिळून इंजिन फ्रेममध्ये बसवलं. हट्टी बोल्ट त्याच्यासमोर निमूट बसला. चेन, कार्बुरेटर, प्लग. तो मधूनमधून पाना मागायचा आणि मी द्यायचो. कितीतरी वर्षांनी कोणी माझ्याकडे काही मागत होतं. किका मारून दोघांचे पाय दुखले आणि एकदम गाडी फुटफुटली.

बत्तीस वर्षांचा माणूस त्या गाडीवर बसला. गुडघे कानाला लागलेले. अंगणाला चक्कर, मग गल्लीत चक्कर. तिसरा गिअर टाकला तेव्हा मागे वळून ओरडला, "धरतोय!" मी कुंपण धरून उभा होतो. मीटर टाळ्या वाजवत होता. असा दुपारचा वेळ गेला.

मग त्यानं घड्याळ बघितलं.

फाटकाशी म्हणाला, "हे झालं ना आता? मग चला तिकडे. सगळे वाट बघतायत." मी म्हटलं, येतो की, पण कार्बुरेटर जरा ओव्हरफ्लो होतोय, तेवढं बघतो. तो उभा राहिला. आमच्यात मिठ्या मारायची पद्धत नाही. त्यानं माझ्या खांद्यावरची माती झटकली. माती नव्हती.

त्याचा शर्ट इथेच राहिला.

२४ मार्च

शर्ट धुतला. बाहीवरचा ऑइलचा डाग जात नाही. पाठवायची घाई नाही.

गाडी सकाळी चालू केली, थोडा वेळ चालू ठेवली, बंद केली. नीट चालते. कार्बुरेटरही नीट आहे.

२७ मार्च

टेबल पुसलं. चादर काढली. डबे धुवून जागेवर लावले. साखरेच्या डब्यात साखर. सबंध टेबल मोकळं दिसतं. कोपऱ्यात बसून जेवलो, सवय झाली आहे.

करायला काही उरलं नाही. हे चांगलंच म्हणायचं. काम वेळेत झालं.

३० मार्च

मुलाचा फोन नाही. गाडी झाली, मग तो तरी कशाला करेल? आता विचारण्यासारखं काही नाही. मला वाटलं होतं, गाडी चालू झाली की माणसं येतील. गाडी चालू झाली आणि येण्याचं कारणच संपलं. हे योजनेत नव्हतं.

मीटरला विचारलं, नळ वगैरे गळतो का तुमचा? नाही म्हणाला.

२ एप्रिल, सकाळ

विचार करून निर्णय घेतला. इंजिन उतरवून परत टेबलावर घेतलं. चादर घातली. मुलाला आपण होऊन फोन केला. सांगितलं, तिसरा गिअर सुटतोय.

तो म्हणाला, मी स्वतः चालवली, नीट धरत होता. मी म्हटलं, आता सुटतोय. उघडावं लागणार, आणि टेस्टला दोन माणसं लागतात, तू म्हणालास. पलीकडे मागे नात बा, बा करत होती. मग तो म्हणाला, पुढच्या महिन्यात जमतंय का बघतो. आणि फोन हिच्याकडे दिला.

ही म्हणाली, "ते राहू द्या. तुम्ही निघा. तिकीट काढायला सांगते."

मी म्हटलं, "इंजिन असं उघडं टाकून कसा येऊ?"

 मग म्हणाली, बरं, वेळेवर जेवा.

इंजिन उघडलेलं नाही. त्याचा स्वतःचा एक बोल्टसुद्धा सैल केलेला नाही.

२ एप्रिल, दुपार

जेवण झालं. इंजिन समोर होतं. टेबलाच्या कडेशी ओढून पोटानं दाबून धरलं, डाव्या हातानं शाफ्ट फिरवला, उजव्या हातानं लिव्हर दाबली. चारही गिअर पडले. परत केलं. परत पडले.

एकट्याला जमतं. मुलाला सांगायचं नाही.